अमेरिकन हायस्कूलमधली परकीय भाषेची अट: स्पॅनिशच्या वर्गात न बसता ती कशी पूर्ण करायची

नववीचे विषय निवडायचा फॉर्म आला की बहुतेक मराठी घरांत भाषेच्या रकान्यात स्पॅनिश लिहून मोकळे होतात. ज्या मुलाला ती भाषा शिकायची आहे त्याने जरूर शिकावी. पण घरात रोज मराठी बोलणाऱ्या मुलाला त्यासाठी दोन वर्षं खर्च करावीच लागतात असं नाही, आणि ज्याला भाषा हा विषयच जड जातो त्याच्यासाठीही वाटा आहेत. आधी एवढंच शोधायचं की अट नेमकी कोणाची आहे. या बाबतीतला बहुतेक घोळ तिथेच होतो.

अट कोणाची?

देशभर लागू असलेला एकच नियम अमेरिकेत नाही. डिप्लोमाची अट राज्य आणि स्कूल डिस्ट्रिक्ट ठरवतात, प्रवेशाची अट विद्यापीठ ठरवतं. या दोन अटी वेगळ्या आहेत, आणि एक पूर्ण झाली म्हणून दुसरी आपोआप पूर्ण होत नाही.

कॅलिफोर्नियाचं उदाहरण घ्या. राज्याच्या नियमानुसार डिप्लोमासाठी कला, परकीय भाषा किंवा करिअर-टेक्निकल (व्यवसायशिक्षण) यांपैकी कशाचंही एक वर्ष चालतं. म्हणजे भाषेचा एकही तास न घेता मूल ग्रॅज्युएट होऊ शकतं. पण यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) आणि सीएसयू (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) या दोन्ही सरकारी विद्यापीठ-समूहांना एकाच भाषेची दोन वर्षं लागतात, आणि यूसी तर तीन वर्षांची शिफारस करते. डिप्लोमापुरता सोपा रस्ता पकडला आणि बारावीत यूसीचा अर्ज उघडला की हे लक्षात येतं. तोवर फार उशीर झालेला असतो.

न्यू जर्सीत ५ क्रेडिट लागतात, म्हणजे पूर्ण वर्षाचा एक कोर्स. त्याऐवजी नॉव्हिस-हाय, म्हणजे सुरुवातीच्या टप्प्यातल्या वरच्या पातळीचं भाषाकौशल्य सिद्ध केलं तरी चालतं. मराठी कुटुंबांसाठी हा सर्वांत सरळ नियम म्हणावा लागेल. न्यूयॉर्कमध्ये रीजंट्स, म्हणजे राज्याच्या नेहमीच्या डिप्लोमासाठी भाषेचं एक युनिट (एक वर्ष) पुरतं. 'अ‍ॅडव्हान्स्ड' शिक्का हवा असेल तर तीन युनिट आणि परीक्षा, किंवा त्याऐवजी कला अथवा करिअर-टेक्निकलची पाच युनिटची सलग मालिका. टेक्ससमध्ये एकाच भाषेची दोन क्रेडिट (इथे एक क्रेडिट म्हणजे एक वर्ष), किंवा कॉम्प्युटर सायन्सची दोन. वॉशिंग्टन राज्यात दोन क्रेडिट आहेत. विद्यार्थ्याच्या पुढच्या बेताशी जुळणारे दुसरे विषय घेऊन ती बदलता येतात, पण तिथली चार वर्षांची सरकारी विद्यापीठं भाषेची दोन क्रेडिट मागतातच. व्हर्जिनियात स्टँडर्ड डिप्लोमाला भाषा टाळता येते. अ‍ॅडव्हान्स्ड स्टडीज डिप्लोमाला मात्र एका भाषेची तीन वर्षं किंवा दोन भाषांची प्रत्येकी दोन वर्षं हवीत. इलिनॉयमध्ये आज भाषा हा अनेक पर्यायांपैकी एक आहे, पण २०२८-२९ पासून नववीत जाणाऱ्यांना दोन वर्षं सक्तीची होणार आहेत.

बहुतेक ठिकाणी मूल ज्या वर्षी नववीत गेलं त्या वर्षाचे नियम त्याला लागू होतात. त्यामुळे मोठ्या भावंडाच्या वेळी काय झालं यावर विसंबू नका.

काउन्सेलरला काय विचारायचं

काउन्सेलर म्हणजे विषयनिवडीसाठी शाळेने नेमलेला सल्लागार. त्याला प्रत्यक्ष भेटून विचारा, पण उत्तर ईमेलवर घ्या. काउन्सेलर बदलतात, तोंडी आश्वासनं विरतात. डिप्लोमासाठी किती क्रेडिट लागतात? परीक्षा देऊन ती मिळतात का? डिस्ट्रिक्ट कोणत्या परीक्षा मानतो, आणि किती पातळीला किती क्रेडिट देतो? ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे शाळेच्या अधिकृत गुणनोंदीवर, ते भाषेचं नाव आणि ग्रेड घालून येतं, की नुसतं 'पास' म्हणून? शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि पुढे अडतात. 'पास' जीपीएत, म्हणजे ग्रेडच्या सरासरीत, धरलं जात नाही, आणि काही कॉलेजं नुसत्या 'पास'वर समाधान मानत नाहीत.

ही सोय वेगवेगळ्या राज्यांत वेगवेगळ्या नावांनी चालते: क्रेडिट बाय एक्झॅम, कॉम्पिटन्सी क्रेडिट, प्रोफिशियन्सी टेस्ट. एका नावाने विचारल्यावर 'आमच्याकडे नाही' असं उत्तर आलं तर दुसऱ्या नावाने विचारून पाहा. शाळेत माहिती नसली तरी डिस्ट्रिक्टच्या वर्ल्ड लँग्वेज विभागात ती बहुधा असते.

मराठीवर क्रेडिट

मराठीची एपी परीक्षा (हायस्कूलमध्ये देता येणारी कॉलेज-पातळीची परीक्षा) नाही. एपीत स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन, इटालियन, चिनी, जपानी आणि लॅटिन आहेत, भारतीय भाषा एकही नाही. त्यामुळे मराठीसाठी कौशल्य मोजणाऱ्या परीक्षांकडे वळावं लागतं. या परीक्षा अ‍ॅक्टफल या संस्थेच्या पातळ्या वापरतात: नॉव्हिस, इंटरमीडिएट, अ‍ॅडव्हान्स्ड, सुपीरियर. पहिल्या तिघांचे पुन्हा लो, मिड, हाय असे भाग पडतात. वॉशिंग्टनचं कोष्टक पाहिलं की या पातळ्यांचं क्रेडिटमध्ये मोल कळतं. नॉव्हिस-मिडला १ क्रेडिट, नॉव्हिस-हायला २, इंटरमीडिएट-लोला ३ आणि इंटरमीडिएट-मिडला ४. म्हणजे घरात मराठी नीट बोलणाऱ्या आणि थोडं लिहिणाऱ्या मुलाला दोन क्रेडिट आवाक्यातली आहेत.

शाळांत सर्वाधिक चालणाऱ्या परीक्षा एएपीपीएल आणि स्टँप. वाचन, लेखन, श्रवण, संभाषण अशी चारही कौशल्यं तपासणारं त्यांचं पूर्ण रूप मोजक्याच भाषांत आहे. त्यांत हिंदी आहे. बाकीच्या भाषांसाठी तीन मार्ग राहतात. पहिला ओपीआय, म्हणजे प्रशिक्षित परीक्षकाशी १५ ते ३० मिनिटांची फोनवरची मुलाखत, तिच्या जोडीला वेगळी लेखी परीक्षा. दुसरा, फक्त लेखन आणि संभाषण तपासणाऱ्या संगणकीय परीक्षा. तिसरा, डिस्ट्रिक्टने स्वतः घेतलेली चाचणी किंवा मुलाच्या कामाचा पोर्टफोलिओ. परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या चालू वर्षाच्या यादीत मराठी आहे का, आणि तीच परीक्षा डिस्ट्रिक्टच्या मान्य यादीत आहे का, या दोन्ही गोष्टी जुळल्याशिवाय पैसे भरू नका. स्वतःहून परीक्षा देऊन गुणपत्रक शाळेत नेलं आणि 'आमच्या देखरेखीखाली दिली नाही' म्हणून ते नाकारलं गेलं, असं सर्रास होतं.

टेक्ससमध्ये क्रेडिट बाय एक्झॅमचे गुण ठरलेले आहेत. आधी तो विषय न शिकलेल्याला ८० टक्के, शिकून नापास झालेल्याला ७० टक्के. कौशल्य-पातळी मोजणाऱ्या परीक्षेचे निकाल तिथे कसे धरतात, ते डिस्ट्रिक्टलाच विचारा.

तयारी: मुलं कुठे अडतात

घरी मराठी बोलणारी मुलं संभाषणात सहज पुढे जातात आणि लेखनात आपटतात. एकूण निकाल बहुधा सर्वांत कमजोर कौशल्यावर अडकतो, म्हणून वेळ तिकडेच घालवा. अक्षरओळख अजिबात नसेल तर रोज २० मिनिटं धरून तीन-चार महिने ठेवा. आधी स्वर आणि सुटी व्यंजनं, मग बाराखडी, मग रोज लागणारी जोडाक्षरं. क्ष, ज्ञ, त्र, श्र, रफार आणि 'ऱ्या'तला अर्धा र हे शेवटी घेतले तरी चालतात. ऱ्हस्व-दीर्घाच्या नियमांत सुरुवातीला गुंतू नका. या पातळीवर परीक्षक शुद्धलेखन नव्हे, अर्थ पोचतो की नाही हे पाहतो.

लेखन टाइप करायचं असेल तर कीबोर्डचा प्रश्न आठवडाभर आधी सोडवा. शाळेच्या क्रोमबुकवर देवनागरी इनपुट चालू करण्याची परवानगी अनेकदा फक्त आयटी विभागाकडे असते. मुलाने घरी ज्या कीबोर्डवर सराव केला तोच परीक्षेत मिळेल याची खात्री करा. फोनेटिकवर बोटं बसलेल्या मुलाला ऐनवेळी इनस्क्रिप्ट मिळाला की अर्धा वेळ अक्षरं शोधण्यात जातो.

आता पातळ्यांचा अर्थ. नॉव्हिसमध्ये शब्द, याद्या, पाठ केलेली छोटी वाक्यं. नॉव्हिस-हायला अधूनमधून स्वतःची वाक्यंही जमावी लागतात. इंटरमीडिएटमध्ये स्वतःची वाक्यं रचता आली पाहिजेत, प्रश्न विचारता आले पाहिजेत, साधा व्यवहार निभावता आला पाहिजे. अ‍ॅडव्हान्स्डमध्ये भूत, वर्तमान, भविष्य तिन्ही काळांत परिच्छेदभर सलग सांगता आलं पाहिजे. म्हणून 'माझे नाव अमुक, मी तमुक शाळेत शिकतो' हा निबंध कितीही घोटला तरी मूल नॉव्हिसच्या वर जात नाही. परीक्षकाला पाठांतर लगेच ओळखू येतं, आणि तो मुद्दाम असा प्रश्न विचारतो की पाठ केलेलं उपयोगाला येत नाही. त्यापेक्षा रोज एक प्रसंग सांगायला लावा: काल शाळेत काय झालं, उद्या काय करणार आहेस, मित्राला घरी बोलवायचं तर त्याला काय काय विचारशील. मुलाने एका वाक्यात उत्तर दिलं की 'मग?' विचारा. मुलाखत घेणारा हेच करतो.

चुका ठरलेल्या असतात. इथे वाढलेली मुलं 'मी आंबा खाल्लो' म्हणतात. खाणं-पिणं, पाहणं, लिहिणं यांच्या भूतकाळात क्रियापद वस्तूप्रमाणे बदलतं, हे 'मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली, मी केळं खाल्लं' अशा जोड्यांनी घोटून घ्या. दुसरी चूक सामान्यरूपाची, 'झाडावर' ऐवजी 'झाडवर', 'मुलीला' ऐवजी 'मुलगीला'. तिसरी लिंगाची. टेबल, पुस्तक, खिडकी, दार, रस्ता असे रोजचे पन्नास-साठ शब्द तो-ती-ते लावूनच म्हणवून घ्यावेत. चौथी, आणि गुणांवर सर्वांत परिणाम करणारी, प्रत्येक वाक्यात दोन इंग्रजी शब्द. 'मी होमवर्क फिनिश करून फ्रेंडला मीट केलं' हे घरी चालतं. परीक्षेत मात्र क्रियापद मराठी हवं. होमवर्क राहू द्या, 'फिनिश करून'चं 'संपवून' झालं तरी पुष्कळ.

मराठी शाळेत रविवारी जाणाऱ्या मुलांनी हजेरी, प्रगतीपुस्तक, लिहिलेले निबंध आणि परीक्षेचे निकाल जपून ठेवावेत. डिस्ट्रिक्ट पोर्टफोलिओ मागतो तेव्हा हाच कागद कामी येतो. शाळेने अभ्यासक्रमाची रूपरेषा आणि एकूण तास लिहून दिले तर अधिक बरं.

मराठीची परीक्षा मानतच नसतील तर हिंदीचा विचार करा. देवनागरीवर केलेली मेहनत फुकट जात नाही, आणि हिंदी ऐकून समजणाऱ्या मुलाला वाचन-श्रवण झेपतं. अडचण बोलण्यात येते, कारण घाईत 'मैं गया था'च्या जागी मराठी क्रियापदं घुसतात. दोन-तीन महिने फक्त हिंदीतून बोलण्याचा सराव हवा.

सील ऑफ बायलिटरसी

हा दोन भाषा लिहिता-बोलता येतात याबद्दल डिप्लोमावर किंवा ट्रान्सक्रिप्टवर येणारा सन्मान आहे, क्रेडिट नव्हे. कॅलिफोर्नियाने २०११ मध्ये त्याचा कायदा केला, मग इतर राज्यांनी तो उचलला. इंग्रजीची अट आणि दुसऱ्या भाषेची अट अशा दोन्ही पूर्ण कराव्या लागतात. न्यू जर्सीत दुसऱ्या भाषेची पातळी इंटरमीडिएट-मिड, न्यूयॉर्कमध्ये इंटरमीडिएट-हाय. जी परीक्षा क्रेडिटसाठी द्यायची तिचाच निकाल अनेकदा सीललाही चालतो, म्हणून एकाच फेरीत दोन्ही विचारा. इलिनॉयमध्ये सरकारी विद्यापीठांनी सील हायस्कूलच्या दोन वर्षांच्या भाषेइतकं धरावं असा कायदा आहे.

नुकतंच भारतातून आलेलं मूल

यूसीच्या नियमांत एक कलम कमी लोकांना माहीत आहे. सहावी किंवा त्यापुढची किमान दोन वर्षं इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेच्या माध्यमातून शिकल्याचं सिद्ध झालं, तर भाषेची अट पूर्ण मानली जाते. मराठी माध्यमात सातवी-आठवी केलेल्या मुलाला हे सरळ लागू पडतं. इंग्रजी माध्यमाच्या मुलाला हे कलम लागू होत नाही. त्याने मराठी विषय म्हणून शिकल्याचे गुण दाखवावेत, ते किती धरायचे हा निर्णय शाळेचा. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे, त्यामुळे सीबीएसई किंवा आयसीएसईच्या मुलांकडेही तसे गुण असू शकतात.

निघण्यापूर्वीच सहावीपासूनची सर्व गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला आणि माध्यम स्पष्ट लिहिलेलं मुख्याध्यापकांचं पत्र घ्या, इंग्रजीत आणि शिक्क्यासह. इथे आल्यावर हे पत्र मागवायला महिने जातात, आणि गुणपत्रकावर माध्यम छापलेलं असेलच असं नाही.

साइन लँग्वेज, लॅटिन, कॉम्प्युटर सायन्स

अमेरिकन साइन लँग्वेज, म्हणजे एएसएल, बहुतेक राज्यांत परकीय भाषा म्हणून धरतात, आणि यूसी-सीएसयूही धरतात. उच्चार आणि स्पेलिंगमध्ये अडणाऱ्या मुलांना ती मानवते. पण ती सोपी समजून घेऊ नका. तिचं व्याकरण इंग्रजीपेक्षा पूर्ण वेगळं आहे, चेहऱ्याचे हावभाव हे व्याकरणच असतं, आणि वर्गात तोंडी बोलायला बंदी असते. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला बोटांनी अक्षरं जुळवणं, म्हणजे फिंगरस्पेलिंग, जड जाऊ शकतं. खासगी कॉलेजांपैकी काही एएसएल मानतात, काही नाही. यादीतल्या प्रत्येकाच्या प्रवेशपानावर पाहा.

लॅटिनमध्ये बोलणं जवळपास नाही. वाचन आणि व्याकरण भरपूर. लाजाळू पण चिकाटीच्या मुलाला ती चांगली, आणि विभक्तीचं तंत्र मराठी मुलाला अनोळखी नसतं.

कॉम्प्युटर सायन्सचा पर्याय टेक्ससमध्ये आहे. जॉर्जियाच्या सरकारी विद्यापीठांच्या प्रवेशासाठीही भाषेच्या दोन युनिटच्या जागी कॉम्प्युटर सायन्सची दोन चालतात. पण दुसऱ्या राज्यातल्या किंवा खासगी कॉलेजला हे मान्य असेल असं धरून चालू नका. निवडक विद्यापीठांना भाषेची तीन-चार वर्षं आवडतात, आणि कोडिंग त्या जागी मोजलं जात नाही. तिकडे अर्ज करायचा असेल तर हा पर्याय घेऊ नये. टेक्ससमध्ये एक सवलत आणखी आहे. पहिलं क्रेडिट घेताना मुलाला दुसरं झेपणार नाही असं दिसलं, तर शिक्षक, मुख्याध्यापक आणि पालक मिळून दुसऱ्याच्या जागी दुसरा योग्य कोर्स ठरवू शकतात. त्यासाठी पालकांनी स्वतः विचारावं लागतं.

कम्युनिटी कॉलेजचा एका सत्राचा भाषेचा कोर्स हायस्कूलच्या किमान एका वर्षाइतका धरतात. वेळ वाचतो, पण वेग दुप्पट असतो आणि तिथली ग्रेड कॉलेजच्या कायमच्या रेकॉर्डवर राहते. ग्रेड सीच्या खाली आली तर ती पुढेही दिसते. नुसता 'कॉन्व्हर्सेशन'चा कोर्स यूसी धरत नाही, नाव वाचून नोंदणी करा. कॅलिफोर्नियात सातवी-आठवीत घेतलेली भाषाही यूसीला चालते. वरच्या वर्षात सी किंवा अधिक ग्रेड मिळाली की खालचं वर्ष आपोआप पूर्ण धरलं जातं. म्हणजे ज्याला येतं त्याने पहिलं वर्ष सोडून थेट दुसऱ्या वर्षाच्या वर्गात बसायची परवानगी मागावी.

शिकण्याची अक्षमता असेल तर

आयईपी किंवा ५०४ प्लॅन (अक्षमता असलेल्या मुलासाठी शाळेने लेखी ठरवलेल्या सोयी) असलेल्या मुलाला भाषेची अट माफ किंवा बदलून मिळू शकते. न्यूयॉर्कमध्ये अक्षमतेमुळे भाषा शिकणं अवघड जातं असं आयईपीत नोंदलेलं असेल तर त्या अटीतून सूट मिळते. ही नोंद शब्दशः हवी. 'वाचनात अडचण' एवढं पुरत नाही. माफी आणि बदली यांतला फरकही पाहा. बदलीत दुसरा कोर्स घेऊन क्रेडिट भरून निघतं, माफीत रकाना रिकामा राहतो. जमेल तिथे बदली घ्या, कॉलेजला रिकाम्या रकान्यापेक्षा ती समजावून सांगणं सोपं जातं. शाळेने दिलेली सूट कॉलेजला बांधील नसते. अकरावीतच प्रवेश कार्यालयाला मानसशास्त्रीय चाचणीचा अहवाल आणि शाळेचं पत्र पाठवून लेखी उत्तर घ्यावं.

कधी काय करायचं

परीक्षा नववीच्या शेवटापर्यंत, फार तर दहावीच्या पहिल्या सत्रात द्या. कारण साधं आहे: निकाल कमी आला तर दोन वर्षांचा वर्ग घ्यायला अकरावी-बारावी शिल्लक राहतात. दहावीचे विषय निवडताना निकाल हातात नसेल तर वर्गात नाव घालून ठेवा, क्रेडिट मिळाल्यावर ते काढता येतं. पुन्हा परीक्षा देण्याआधी किती दिवस थांबावं लागतं हेही पहिल्याच ईमेलमध्ये विचारा.

क्रेडिट मंजूर झाल्याचा ईमेल आला म्हणजे ते ट्रान्सक्रिप्टवर चढलं असं नाही. परीक्षा एका विभागात होते आणि नोंद दुसराच विभाग करतो. त्या उन्हाळ्यात ट्रान्सक्रिप्टची प्रत मागवा. भाषेचं नाव, क्रेडिटचा आकडा आणि वर्ष तपासा, आणि चूक असेल तर निकालाची प्रत जोडून रजिस्ट्रारला कळवा.